अठ्ठेचाळीस आकडे

नाशकात पेठ नाक्यावर सुरगाण्याच्या जीपा भरतात, त्याच्या बरोबर समोर दीपक आहेरचं दुकान. पाटीवर मोठ्या अक्षरात 'आहेर इन्फोटेक' असं लिहिलंय, पण जीपवाल्यांच्या तोंडी ते 'दीपकचं कम्प्युटरचं' एवढंच. पेठ, हरसूल, सुरगाणा अशा डोंगरपट्ट्यातले मास्तर, ग्रामसेवक, झेरॉक्सवाले आपापले लॅपटॉप पिशवीत घालून जीपेतून उतरतात आणि रस्ता ओलांडून थेट त्याच्या काउंटरवर ठेवतात. अठरा वर्षांत एकाही माणसाला आपण दारातून परत पाठवलं नाही, ही दीपकची फुशारकी होती आणि ती खरीही होती.

गिऱ्हाइकाला ताप द्यायचा नाही, हे त्याचं तत्त्व. नवं मशीन सुरू केलं की ते आधी चौकशा करतं. तुमचा ईमेल सांगा, पासवर्ड सांगा, मोबाइलवर आलेला आकडा टाका. डोंगरातून आलेल्या माणसाला ईमेल विचारला की तो बिचारा आधार कार्ड काढून पुढं करतो. ज्याला ईमेल असतो त्याला पासवर्ड आठवत नाही, आणि ज्याला पासवर्ड आठवतो त्याचा मोबाइल नंबर मागच्या दिवाळीत बदललेला असतो. या कटकटीवर दीपकनं फार पूर्वीच एक नामी उपाय काढला होता. दुकानाच्या नावानं त्यानं एकच खातं उघडलं आणि येईल त्याचं मशीन तो त्याच खात्यावर सुरू करून द्यायचा. मशीनला नाव गिऱ्हाइकाचं, खातं दीपकचं. अशी त्रेसष्ट मशीनं त्या एका खात्याला लटकलेली होती. सगळ्या गल्लीतल्या घरांच्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला असाव्यात, तसा हा कारभार. लोकांना तो सोयीचा वाटायचा आणि दीपकला त्यात थोडा मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलायचं.

मंगळवारी अकराच्या सुमारास बहिरू गुरुजी रस्ता ओलांडून आले. बहिरू भोये, आश्रमशाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सुरगाणा तालुक्यातल्या चिंचमाळ पाड्याचे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाइल. त्यांच्या मागोमाग एक पन्नाशी उलटलेली बाई दुकानात शिरली आणि बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"ही बायडाबाई," गुरुजी म्हणाले. "परवा गुरुवारी हिच्या जमिनीच्या दाव्याची सुनावणी आहे, इथं नाशकातच. पाड्यातला पहिला दावा हिचाच पुकारणार. हिचं झालं तर बाकीच्या चाळीस घरांचं होईल."

मग त्यांनी पिशवीतून दोन लॅपटॉप काढले. एक त्यांचा जुना. मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात पाड्यावरच्या खांबावर वीज पडली तेव्हा तो चार्जिंगला लावलेला होता, आणि जागच्या जागी गेला. दुसरा पाड्यानं मिळून घेतलेला, वापरलेला पण धडधाकट. त्यात सिस्टीम नव्हती.

"जुन्यावरचं लायसन या नव्यावर चढवून द्या," गुरुजी म्हणाले. "आणि आतलं सगळं सामान इकडं आणा."

लायसनचं हे प्रकरण दीपकला चांगलं आठवत होतं. चार वर्षांपूर्वी गुरुजी पहिला लॅपटॉप घेऊन आले तेव्हा तोही असाच कोरा होता. दीपकनं रिवाजाप्रमाणे सांगितलं, "फुकटातलं टाकून देतो गुरुजी. सगळे तेच वापरतात. माझ्या घरीसुद्धा तेच आहे."

"म्हणजे चोरीचं?"

"चोरीचं नाही हो, जुगाडाचं म्हणा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला होता. "दीपकभाऊ, ही जमीन आम्ही चोरलेली नाही, बापजाद्यांपासून कसतोय, एवढंच आम्ही सरकारला सांगायला निघालोय. ते चोरीच्या मशीनवर लिहायचं?" आणि त्यांनी विकतचं, पक्क्या पावतीचं लायसन घेतलं होतं, एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतं ते. दीपकनं तेव्हा तोंडावर 'वा गुरुजी' म्हटलं होतं आणि ते गेल्यावर शेजारच्या झेरॉक्सवाल्याला डोळा मारला होता. त्रेसष्टांत विकतचं लायसन असलेली मशीनं फार तर दहा असतील.

गुरुजींचं सामान म्हणजे काय, तेही त्याला ठाऊक होतं. जंगलाच्या जमिनीवर हक्क सांगायचा तर दोन हजार पाचच्या आधीपासून ती तुम्ही कसत होतात, याचे दोन पुरावे लागतात. बायडाबाईकडं एक होता, तिच्या नवऱ्याला फार वर्षांपूर्वी झालेल्या दंडाची पावती. अतिक्रमण केलं म्हणून झालेला तो दंड आता उपयोगी पडत होता, कारण माणूस तिथं नसता तर दंड कुणाला केला असता? दुसरा पुरावा म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब. ते गुरुजींनी कागदावर लिहून, अंगठे घेऊन पाठवले होते, पण सगळे जबाब एकाच अक्षरात आणि एकाच शाईत असल्यानं दावे तपासणाऱ्या समितीनं शंका काढली. पाड्यात लिहिता येणारं दुसरं कोण होतं? तेव्हा गुरुजींनी मोबाइल काढला आणि एकेका म्हाताऱ्याला शिवेवर नेलं. ज्यानं त्यानं आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या बांधावरून चालायचं, झाड दाखवायचं, दगड दाखवायचा, आणि ही जमीन कुणाची ते बोलायचं. चौदा म्हातारे असे चालले. मोबाइल भरला की गुरुजी जीपेनं दीपककडं यायचे, तो सगळं लॅपटॉपवर उतरवायचा आणि मोबाइल मोकळा करून द्यायचा. त्या चौदांतले अकरा आता राहिले नव्हते.

"बायडाबाईसाठी कोण बोललंय?" दीपकनं सहज विचारलं. तोवर त्यानं नवा लॅपटॉप उघडून काम सुरू केलं होतं.

"पुंजा. आता हयात नाही तो," गुरुजी म्हणाले. "हिच्या नवऱ्याचं, सोमाचं, आणि पुंजाचं बांधावरून उभं वैर. तीस वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. पण शेजार पुंजाचाच, त्यालाच बोलायला लागणार. मी भीतभीतच विचारलं. तर नव्वदीचा म्हातारा काठी घेऊन निघाला."

"काय बोलला?"

"बोलला, ही जमीन सोमाची. माझा नि त्याचा भांडण होता, आजपण आहा. पण जमीन त्याचीच."

बायडाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "गुरुजी सांगत, पण मला पटं नाय. त्यानं आमचे बैल कोंडलेले. सोमा मेला तवा मातीला आला नाय तो. तो कसा बोलला असंल? माझे कानानं ऐकायचा आहा मला."

"ऐकवतो मावशी," दीपक म्हणाला. "अर्ध्या तासात ऐकवतो. आधी घर उभं करू, मग सामान आणू."

इथंच तो चुकला. आधी सामान काढायला हवं होतं. पण कामाची त्याची रीत ठरलेली होती, आधी सिस्टीम, मग डेटा, आणि अठरा वर्षांत त्या रीतीनं त्याला कधी दगा दिला नव्हता.

नव्या मशीनवर त्यानं दुकानाचं खातं टाकलं. मशीन म्हणालं, लायसन नाही. त्यानं 'मशीन बदललं आहे' यावर बोट ठेवलं. यादी आली. यादीतलं 'गुरुजी चिंचमाळ' त्यानं निवडलं आणि वाट बघितली. मिनिटभरात पडद्यावर हिरवी खूण उमटली. लायसन नव्या मशीनवर आलं होतं, अस्सल, पावतीचं, कंपनीनं मान्य केलेलं. दीपकनं लॅपटॉप फिरवून गुरुजींना दाखवला. गुरुजींनी मान डोलावली आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला.

आता यादीत दोन 'गुरुजी चिंचमाळ' दिसायला लागले, एक जुना, एक नवा. मागं एकदा अशाच दोन सारख्या नावांत दीपकची गफलत झाली होती आणि हरसूलच्या ग्रामसेवकाचं लायसन भलत्याच्याच मशीनवर बसलं होतं. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता. नवा आला की जुना लगेच यादीतून काढायचा. त्यानं जुन्यासमोरचं 'काढून टाका' दाबलं. इंग्रजीत एक सूचना आली, दोन ओळींची, तिच्याखाली एक चौकोन. दीपकनं चौकोनात खूण केली आणि पुढं गेला. असल्या चौकोनांत त्यानं आयुष्यात हजारो खुणा केल्या होत्या. वाचत बसलं तर दुकान कसं चालायचं?

मग त्यानं जुन्या लॅपटॉपची डिस्क काढली, डबीत बसवली आणि वायरीनं नव्याला जोडली. डिस्क धडधाकट होती. विजेनं बोर्ड जाळला होता, डिस्कला धक्का लावला नव्हता. दीपकनं बायडाबाईकडं बघून हसून मान हलवली. तिनं पदर सारखा केला आणि ती पहिल्यांदा स्टुलावर बसली.

पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. विकतच्या लायसनची मशीनं खात्यावर सुरू केली की डिस्कला आपलं आपण कुलूप घालतात, म्हणजे चोरानं डिस्क पळवली तरी त्याला आतलं दिसू नये. किल्ली खात्यात जपून ठेवलेली असते. दीपकनं दोनदा ती तिथून काढून दिली होती. त्यानं मोबाइलवर खातं उघडलं आणि यादीत खाली सरकत 'गुरुजी चिंचमाळ'वर आला. तिथं एकच नाव होतं, आज आलेलं. जुनं नाव त्यानं स्वतः काढलं होतं आणि नावाबरोबर त्याची किल्ली गेली होती.

त्याला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मग त्या सूचनेतली दुसरी ओळ आठवली. या मशीनची किल्ली तुम्ही दुसरीकडं लिहून ठेवली आहे ना? ठेवली असल्यास चौकोनात खूण करा.

"नेट लय स्लो आहे गुरुजी," तो म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला. "डिस्क इथं ठेवा. उद्या चारला या."

"उद्या नक्की? परवा सुनावणी आहे."

"नक्की."

दोघं अंबडला बायडाबाईच्या लेकीकडं मुक्कामाला गेले. जाताना बायडाबाई काउंटरपाशी थांबली. "पुंजा यात आहा ना, दादा?" तिनं डबीकडं बोट दाखवून विचारलं. दीपक हो म्हणाला आणि ते खरं होतं. पुंजा त्यातच होता.

बुधवारी दीपकनं दुकान उघडलं नाही. अठरा वर्षांत दिवाळीचा पाडवा सोडला तर असं झालं नव्हतं. जळका लॅपटॉप घेऊन तो शालिमारला राजूकडं गेला. राजू बोर्डाचं बारीक काम करणारा, नाशकातले निम्मे दुकानदार अडलं की त्याच्याच जिन्यावर येतात. दीपकची एकच आशा उरली होती. डिस्क आपल्या मूळ बोर्डाला ओळखते, आणि तो बोर्ड घटकाभर जरी जिवंत झाला तरी ती आकडे मागत नाही, मुकाट उघडते.

राजूनं बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरला, सुईनं दोन-तीन ठिकाणी टोचून बघितलं, मग दीपकला वाकून बघायला लावलं. मधली मोठी चिप एका अंगानं फुगून काळी पडली होती.

"ही गेली दादा. वीज थेट इथं उतरलीय."

"बदलता नाही का येणार?"

"बदलता येईल. पण कुलूप ओळखायचं ते हिच्याच पोटात होतं. दुसरी घातली तर ती तुझ्या डिस्कला ओळखणारच नाही." राजूनं दिवा बंद केला. "किल्ली खात्यात असते ना? तिथनं काढ की."

दीपकनं जळका लॅपटॉप पिशवीत भरायला घेतला. राजूनं त्याच्याकडं बघितलं आणि चहा मागवला, पण दीपक चहाला थांबला नाही.

जिना उतरून त्यानं तिथंच फुटपाथवर उभं राहून कंपनीच्या नंबरला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली. तिचा आवाज गोड होता आणि तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, हटाने के बाद वो चाबी हमारे पास भी नहीं रहती," ती म्हणाली. दीपकनं तिच्या साहेबाला मागितलं. साहेबानंही तेच सांगितलं. ग्राहकाच्या कुलपाची किल्ली आम्ही आमच्याकडं ठेवली तर ते कुलूप कसलं, असं तो म्हणाला आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. फोन ठेवण्याआधी त्यानं नोंद तपासून सांगितलं की आपलं लायसन नव्या मशीनवर व्यवस्थित चालू आहे.

आपल्याला कुणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं, असं दीपकला वाटलं. पण ओरडायला आरशाशिवाय जागा नव्हती. त्यानंच गुरुजींना सांगितलं होतं की सीडी आता कोण वापरतं. त्यानंच म्हटलं होतं, पेनड्राइव्हवर ठेवू नका, व्हायरस लागतो, एकाच ठिकाणी ठेवा, सुरक्षित राहतं. गुरुजी प्रत्येक वेळी 'बरं' म्हणाले होते. डोंगरातल्या माणसाला शिकवण्यात दीपकला भारी गोडी होती, आणि आपला उंटावरचा शहाणा झालेला त्याला आज दिसत होता.

चारला गुरुजी आणि बायडाबाई आले. दीपकनं अर्धं शटर उघडलं होतं. डबी काउंटरवर होती. गुरुजींनी त्याचा चेहरा बघितला आणि विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यांना कळून चुकलं.

"नाही निघालं?"

"नाही."

गुरुजी खुर्चीत बसले. बराच वेळ ते फाइलच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे विजेनं डिस्कपण खाल्ली."

दीपकनं होकाराची मान हलवली. तसं करायचं त्यानं ठरवलं नव्हतं. पण गुरुजींनी आपल्या हातानं दार उघडून दिलं होतं आणि तो त्यातून आत शिरला. वीज पडली हे खरं, लॅपटॉप जळला हेही खरं, त्यात एवढंसं खोटं कुणाला दिसणार होतं?

"देवाची करणी," बायडाबाई म्हणाली. "विजेला काय बोलायचा." तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच दीपकला सोसवेना.

गुरुजींनी मात्र हातपाय गाळले नाहीत. त्यांनी फाइलमधून कोरा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि सुवाच्य मास्तरी अक्षरात अर्ज लिहायला घेतला. लिहितालिहिता मोठ्यानं वाचत होते. सदर पुरावा वीज कोसळून नैसर्गिक आपत्तीत नष्ट झाला असल्याने. मग कागद दीपकपुढं सरकवला. "तंत्रज्ञ म्हणून खाली तुमची सही लागेल. दुकानाचा शिक्का मारा. निदान मुदत तरी मिळेल."

शिक्का ड्रॉवरमध्ये होता. दीपकनं तो काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर धरला. त्याच क्षणी त्याला त्या फाइलीतले बाकीचे कागद दिसले, चाळीस घरांचे, गुरुजींच्या एकाच अक्षरातले. या माणसानं फुकटातली सिस्टीम नको म्हटली होती.

"गुरुजी, वीज नव्हती," तो म्हणाला. "डिस्क चांगली आहे. माझ्या हातून झालं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. एकच खातं, यादी, जुनं नाव, चौकोन. शब्द सोपे करून सांगायची सवय होती म्हणून सोपे करूनच सांगितलं. घर आहे, घरात माणसं बसलेली आहेत, कुलूपही शाबूत आहे, आणि किल्ली मी नदीत फेकली.

रस्त्यावर जीपवाला 'करंजाळी, पेठ, करंजाळी, पेठ' असा ओरडत होता.

"एक विचारू?" शेवटी गुरुजी म्हणाले. "तेव्हा तुम्ही म्हणत होतात ते फुकटातलं टाकलं असतं तर?"

दीपकला खोटं बोलायची फार इच्छा झाली. "तर मशीननं डिस्कला कुलूपच घातलं नसतं," तो म्हणाला. "फुकटातल्याला ते जमतच नाही."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून राहिले. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय म्हातारे दिसत होते. दीपकला वाटलं, हे आता रडतील, किंवा आपल्याला मारतील, आणि दोन्हींतलं काहीही झालं तरी चालेल. पण गुरुजींनी फक्त अर्जाचा कागद उचलला आणि चार तुकडे करून आपल्याच खिशात घातला.

"मला म्हाताऱ्यांनी विचारलेलं," ते म्हणाले. "आम्ही मेल्यावर यात बोलू ना? मी हो म्हणालो."

थोड्या वेळानं त्यांनी दुसरा कोरा कागद काढला. मास्तर माणूस, गणित एका रीतीनं सुटलं नाही तर दुसरी रीत धरणारा. "मोबाइलवरून लॅपटॉपवर तुम्हीच उतरवायचात ना सगळं? इथं याच काउंटरवर?"

"हो."

"मग तुम्ही बघितलेलं आहे. मी पाड्याचा माणूस, समिती माझं धरणार नाही. तुमचं धरेल. तुम्ही ना आमच्या जातीचे, ना गावचे, तुमची तिथं जमीन नाही. जे बघितलं ते तुमच्या अक्षरात लिहून द्या. पुंजा कसा होता, कुठून चालला, कोणतं झाड दाखवलं, काय बोलला."

दीपकनं पेन हातात घेतलं. त्याला खरंच आठवायचं होतं. चार वर्षांत गुरुजी सात-आठ वेळा आले होते. तो मोबाइल जोडायचा, फायली निवडायचा, एखादी उघडून नीट चालते का बघायचा आणि लगेच बंद करायचा. मग हिरवी पट्टी पुढं सरकायची आणि किती मिनिटं उरली ते खाली यायचं. ती पट्टी त्याला लख्ख आठवत होती. एकदा पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर अडकली होती, तेही आठवत होतं. एका फायलीत कुणीतरी म्हातारा होता, डोक्याला फडकं होतं की टोपी, मागं हिरवं होतं की वाळलेलं, तो बोलत होता आणि दीपकनं आवाज बंद केला होता, कारण शेजारी गिऱ्हाईक उभं होतं.

"त्याच्या हातात काठी होती, घुंगराची," बायडाबाई हळूच म्हणाली. ती काउंटरला टेकून त्याच्या पेनाकडं बघत होती. "एक डोळा पांढरा होता त्याचा. मोहाचे झाडाकडून निघाला असंल तो, तिथनंच बांध सुरू होतो. मंग खाली नाल्याला. लिव्ह."

ती सगळं सांगत होती. नुसतं उतरवून घ्यायचं होतं. काठी, डोळा, मोहाचं झाड, नाला, आणि ते वाक्य, ही जमीन सोमाची. पाच ओळी, एक सही, एक शिक्का. दीपकनं कागदावर 'मी खाली सही करणार' एवढं लिहिलं.

"दीपकभाऊ," गुरुजी म्हणाले, "हे तुम्हाला आठवतंय का? तुम्ही बघितलं होतं का?"

पेन तिथंच थांबलं. खोटं लिहिलं असतं तर बायडाबाईची जमीन कदाचित राहिली असती. आजही दीपकला कळत नाही की तेव्हा आपण बरोबर केलं की बायडाबाईचा पुरावा दुसऱ्यांदा घालवला.

"नाही गुरुजी," तो म्हणाला. "मी पट्टी बघत होतो."

गुरुजींनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि खिशाला अडकवलं. "मग नको," ते म्हणाले.

बायडाबाईला हे लवकर उमगलं नाही. ती एकदा गुरुजींकडं आणि एकदा दीपककडं बघत राहिली. मग तिनं डबी उचलून कानाशी धरली. आत काहीच वाजत नव्हतं. असली डिस्क वाजत नाही, तिच्यात फिरणारं काही नसतं, हे दीपकला माहीत होतं.

"तो खरंच असा बोलला का, गुरुजी?" तिनं विचारलं. "माझे सोमाची म्हणाला?"

"बोलला," गुरुजी म्हणाले.

"मंग मी त्याला शिव्या घातल्या, मेला तरी."

डबी तिनं पदरात बांधली. गुरुजींनी नवा लॅपटॉप पिशवीत घातला. दीपकनं पैसे घेतले नाहीत, आणि न घेतल्याची त्याला लाजच वाटली. दोघं रस्ता ओलांडून जाताना तो शटरखाली उभा होता.

गुरुवारी त्यानं सकाळपासून मोबाइल समोर ठेवला. दुपारी दोनला गुरुजींचा फोन आला. "दावा परत आला," ते म्हणाले. "दुसरा पुरावा नाही म्हणून. बाकीचेही तसेच जातील." मागं गाड्यांचा आवाज होता. "तुम्ही खरं बोललात, ते बरं झालं," गुरुजी म्हणाले, पण बरं झाल्यासारखा त्यांचा आवाज नव्हता, आणि फोन बंद झाला.

दीपकनं काउंटरवर एक वही घेतली आणि खातं उघडलं. जे अठरा वर्षांत केलं नाही ते त्यानं आता करायला घेतलं. एकेका मशीनचं नाव उघडायचं, किल्ली असली तर वहीत उतरवायची आणि ज्याची त्याला फोन करून सांगायची. अंजनेरीचे मास्तर, हरसूलचा ग्रामसेवक, ननाशीचा झेरॉक्सवाला. बहुतेकांना कुलूपच नव्हतं, फुकटातल्या सिस्टीमवाल्यांना. त्यांचं सगळं उघडं आणि सुखरूप होतं.

एकविसावं नाव आलं, 'गुरुजी चिंचमाळ'. परवाचं. त्यानं ते उघडलं. नव्या मशीननं मंगळवारीच आपलं आपण दार लावून घेतलं होतं आणि किल्ली इमानदारीत खात्यात आणून ठेवली होती. सहा-सहाचे आठ गट, एकही आकडा कमी नाही. आत एक चित्र नव्हतं, एक आवाज नव्हता, एक म्हातारा नव्हता.

दीपकनं पेन उचललं आणि ते अठ्ठेचाळीस आकडे एकेक करून वहीत लिहिले. मग पहिल्यापासून पुन्हा ताडून बघितले.